बारीक तार

"जाड तार वीज बाहेर नेते. ही बारीक तार डायनॅमोला जागं करते. ती तुटली की तो नुसताच गरगरतो, बॅटरीला वीज मिळत नाही," ग्लिन म्हणाला.

म्युरिएलने ते वहीत लिहून घेतलं. सत्तरी उलटल्यावर ती पहिल्यांदाच बॉनेटखाली डोकं घालत होती. १९५९ सालची ही हिरवी गाडी म्हणजे तिच्या नवऱ्याचा, सिरिलचा जीव की प्राण. मार्चमध्ये तो गेला आणि त्याचं हे एक काम अर्धं राहिलं. ते पुरं करायचंच, असं तिने ठरवलं होतं.

जवळच्या लडलो गावच्या बाजारापर्यंत गाडी निमूट धावायची. पण वेल्सच्या डोंगरात नेस्टाकडे, म्युरिएलच्या धाकट्या बहिणीकडे निघालं, की निघाल्यापासून बॅटरी चार्ज होत नसल्याचा लाल दिवा पेटलेला. अर्ध्या वाटेत बॅटरी उतरायची आणि गाडी ठप्प. नेस्टाच्या शेतावर ना बस जायची, ना रेल्वे. दुसऱ्या कुणाच्या गाडीने जाऊ म्हटलं, तर सिरिलचा चेहरा पडायचा.

अकरा वर्षं अशीच गेली. नेस्टाचं शेवटचं दुखणं होतं तेव्हाही गाडी अर्ध्यातच थांबली. म्युरिएल रस्त्याच्या कडेला ढसाढसा रडली. सिरिलने तिला जवळ घेतलं. त्यानंतर कुठे जायचं मनच उरलं नाही, बाजारालाही नाही. गाडी उभीच राहिली, पण तो दर रविवारी बॉनेटखाली राबत राहिला.

"मला एकदा हात लावू दिला नाही पठ्ठ्याने," ग्लिन म्हणाला. "शेजारी राहतो, जन्मभर गाड्यांच्या वायरिंगचंच काम केलं, तरी!"

"मानी होता रे तो."

डायनॅमो ठणठणीत निघाला. नियंत्रक पेटीही.

"मग गोम मधेच कुठेतरी," म्हणत ग्लिनने तारांवरची पट्टी उलगडली. बारीक तार जुडग्यातून निसटून चालकाच्या आसनाखाली गेली होती. म्युरिएलने हात घातला. बोटाला त्या तारेवर बसवलेलं लहानसं बटण लागलं.

"चोरांना गाडी लांब नेता येऊ नये म्हणून बसवतात तसलं. आधीच्या मालकाचं काम असणार," ग्लिन म्हणाला. "दाब बघू."

तिने दाबलं. ग्लिनने इंजिन चालू केलं. लाल दिवा विझला.

"एवढंसं बटण! आणि बिचाऱ्याला अकरा वर्षांत सापडलं नाही." डोळे पुसून ती नीट पाहायला खाली वाकली. अंगठ्याने धूळ पुसली.

बटणाच्या दोन बाजूंना सिरिलच्या रेखीव अक्षरात दोन शब्द होते. एकीकडे 'बाजार'. आणि बटण आत्तापर्यंत जिकडे कललेलं होतं तिकडे, 'नेस्टा'.