अननस, धूर आणि कॉफी

“आधी अननस लागेल,” पुतणी जिन्यात थांबून हळूच म्हणाली. “मग धूर. आणि गिळल्यावर मागे कॉफीचा कडवटपणा राहील. लक्षात राहील ना, काका?”

“आता तू मला शिकव,” काका गुरगुरले. “चिप्समध्ये अननस आणि कॉफी! कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालंय हे?”

“माझ्याच.”

“तरीच.”

चिप्सच्या त्या कारखान्यात काका मुख्य टेस्टर. लोक त्यांना सोनजीभ म्हणत. त्यांनी मान हलवल्याशिवाय एक पाकीट दाराबाहेर पडत नसे. आणि गेल्या थंडीत ताप आला तो गेला, पण जाताना जिभेची चव आणि नाकाचा वास दोन्ही घेऊन गेला. आता साखर काय नि वाळू काय, काकांना सारखीच. डॉक्टरांनी हात टेकले होते.

हे फक्त पुतणीला ठाऊक होतं. नासलेल्या दुधाचा चहा काकांनी तळापर्यंत प्यायला, तेव्हाच तिने ओळखलं. बोलली मात्र कुणाकडे नाही. तेव्हापासून मसाला तीच कालवायची आणि कशाची चव कशी, ते काकांना आधीच सांगून ठेवायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सांगणार नाही तर काय करणार! तिचे वडील गेल्यावर तिला काकांनीच वाढवलं, इथे चिकटवलं तेही त्यांनीच. तिने बनवलेल्या चवी काकांच्या म्हणून बाजारात गेल्या, पण घरातल्या घरात कसलं तुझं नि माझं?

घोटाळा झाला तो ती रजेवर असताना. खवट तेलाचा माल काकांनी बिनदिक्कत पास केला आणि दुकानदारांनी तो परत पाठवला. तरुण मालकाने आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, “काका, आणखी एकदा असं झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल.” त्या रात्री काकांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. ती खुर्ची गेली की काका म्हणजे घरातलं एक जास्तीचं माणूस.

म्हणून आज मालक स्वतः चाखायला बसला होता.

टेस्टिंगच्या खोलीत नेहमीसारखा लाल दिवा होता. रंग बघून जीभ फसू नये, म्हणून. त्या उजेडात सगळंच तपकिरी दिसे. पुतणीने तीन वाट्या मांडल्या. ज्याची त्याची वाटी वेगळी, कुणी कुणाच्या वाटीत हात घालायचा नाही, हा नियम खुद्द काकांचा.

काकांनी चिप तोंडात टाकली. कुर्रकन वाजली, बस. पुठ्ठा चावल्यागत. पोरीने काही भलतंच सांगितलं असेल तर? त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती खाली मान घालून आपल्या वाटीतलं खात होती.

आता माघार नव्हती. काकांनी डोळे मिटले. “आधी अननस येतो. पिकलेला, जरा आंबटसर. मग धूर. आणि शेवटी… कॉफी. कडवट.”

मालकाने आपली चिप सावकाश गिळली. “अगदी बरोबर. मला शेवटचं ते कळतच नव्हतं, कॉफी!”

काकांचा जीव भांड्यात पडला. पोर गुणाची हो, त्यांच्या मनात आलं. पण नुसती वाहवा केली तर तो टेस्टर कसला? खोट काढल्याशिवाय मान राहत नाही.

“मीठ मात्र चिमूटभर जास्त पडलंय,” ते म्हणाले. “पोरींच्या हाताला अंदाज नसतो.”

“मला नाही जाणवलं.”

“तुम्हाला नाहीच जाणवायचं, साहेब. म्हणून तर मी आहे.”

मालक हसला. पाण्याचा घोट घेऊन म्हणाला, “काका, एक विचारायचं होतं. हिला तुमच्या बरोबरीची जागा द्यावी म्हणतोय. तुमच्या शब्दाबाहेर मी नाही.”

पुतणीने मान वर केली आणि काकांकडे पाहिलं. काही मागत होती ती, लहानपणी मागायची तशी. काकांना ते दिसलं. पण एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार? आज बरोबरीला बसवली, तर उद्या ती जिन्यात कशाला थांबेल?

“जीभ बरी आहे हो हिची,” ते म्हणाले, “पण भरवशाची नाही. आता विचारताच आहात म्हणून सांगतो. तो खवट माल परत आला ना, तो रजेवर जायच्या आधी हिनेच चाखून ठेवला होता. मी नुसती सही केली. घरचीच पोर, म्हणून झाकलं.”

मालकाचं हसू मावळलं. तो तिच्याकडे वळला. “खरं आहे हे?”

हात लांब करून तिने काकांची वाटी उचलली आणि मालकापुढे ठेवली.

“साहेब, यातली एक खाऊन बघा,” ती म्हणाली. “काकांच्या वाटीत मी नुसते मक्याचे चिप्स घातलेत, मीठसुद्धा न लावलेले.”