अण्णांनी ऐकलेलं गाणं

सृष्टीनं नगरहून नवं साऊंड कार्ड आणलं आणि सोनईच्या घरातला जुना कॉम्प्युटर स्वतः उघडून त्यात बसवलं. तिचे वडील मच्छिंद्रअण्णा साखर कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हा यंत्रांच्या घरघरीत त्यांचे कान जवळजवळ गेले होते. जुन्या कार्डावर आवाज वाढवला, की हेडफोनमध्ये नुसती खरखर यायची. नव्यावर तिनं दुपारभर खटपट केली. जाड आवाज उतरवले, बारीक चढवले. तिचं पहिलंवहिलं गाणं रेकॉर्ड झालं होतं. घरात सगळ्यांनी ऐकलं होतं, राहिले होते ते अण्णाच.

तिनं हेडफोन त्यांच्या कानांवर नीट बसवला, गाणं लावलं आणि समोर येऊन बसली. अण्णांनी डोळे मिटले. त्यांची मान डोलू लागली, बोटांनी मांडीवर ठेका धरला. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"लई गोड गातीस गं पोरी," अण्णा जरा मोठ्यानंच म्हणाले. "समदं कळतंय बघ. येक येक शबुद."

सृष्टीला हुंदका आवरेना. आवाज अजून थोडा चढवावा म्हणून ती उठली आणि कॉम्प्युटरपाशी गेली. कॉम्प्युटर सुरुवातीलाच अडकला होता. गाणं अजून सुरूच झालं नव्हतं.

तिनं वळून पाहिलं. अण्णांचा ठेका चालूच होता. ती गुपचूप परत त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि त्यांनी आपल्या हातानं हेडफोन काढेपर्यंत तिथून हलली नाही.