कलावतीसाठी अर्ज

"सही मी करणार नाही, ताई. बाकीच्यांच्या आणून देतो," धनंजय म्हणाला आणि त्याने इस्त्री पुन्हा शर्टावर टेकवली.

उत्तराने कारण विचारलं नाही. आखातातल्या या वादी अदाईच्या लाँड्रीत राबणाऱ्या धनंजयचा व्हिसा कधीच संपला होता. अशा माणसाने सरकारी कागदावर नाव घालायचं म्हणजे आपण होऊन पोलिसांच्या दारात जायचं.

अर्ज दिल्लीला, संसदेच्या याचिका समितीकडे जायचा होता. बाळकृष्ण नावाचा खलाशी इथल्याच सहम बंदराच्या एका मासेमारी बोटीवरून समुद्रात पडला, त्याला तीन वर्षं होत आली होती. मृतदेह मिळाला नव्हता. मृतदेह नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही, आणि बेपत्ता माणूस मेला असं धरायला कायद्याने सात वर्षं थांबायचं.

तोवर त्याची बायको कलावती मालवणजवळच्या गावात दिराच्या घरी अडकली होती. कुडाळच्या मुलींच्या वसतिगृहात तिला स्वयंपाकाचं काम मिळत होतं, राहायला खोलीही. दीर म्हणायचा, भाऊ परत येईल तेव्हा बायको घरात दिसली पाहिजे. एकदा ती निघाली, तर एस.टी. स्टँडवरून त्याने तिला दंडाला धरून ओढत परत आणली होती.

हे सगळं उत्तराला धनंजयनेच सांगितलं होतं. बाळकृष्ण त्याचा सहमचा दोस्त. गावाकडची खबर तिकडच्याच कुणाकडून तरी त्याच्या कानावर आली होती.

"संसदेत आपला अर्ज वाचतात?" त्याने विचारलं.

"पूर्वी मुंबईचे लोक थेट लंडनच्या पार्लमेंटला अर्ज पाठवायचे. कंपनी सरकारविरुद्धच्या तक्रारी. खाली पानंच्या पानं सह्या." पुण्यात असताना उत्तराने त्याच अर्जांवर प्रबंध लिहायला घेतला होता. नवऱ्याला, शिरीषला, इकडे कुरुमला नोकरी लागली आणि तो अर्धवट राहिला.

"मग न्याय मिळायचा?"

"बहुतेकदा नाही."

"तरी लिहायचे?"

"लिहायचे."

धनंजयने शर्टाची घडी घातली. "तर मग लिहू या."

अर्जात बाळकृष्णाबद्दल दोन चांगले शब्द असावेत म्हणून तिने विचारलं, "माणूस कसा होता हो?"

"वाईट."

उत्तरा चमकली.

"रजेवर गेला की प्यायचा. बायकोवर हात उचलायचा. एकदा तर चुलीतलं लाकूड..." तो थांबला. "तिच्या डाव्या कानाला आता ऐकू येत नाही."

"गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये."

"खोटं कशाला लिहायचं, ताई?"

तिने ते लिहिलं नाही. 'कष्टाळू खलाशी' एवढंच लिहिलं.

शुक्रवारी शिरीष आणि ती गाडीने सहमला गेली. धनंजय आला नाही. वाटेत तपासणी असते, म्हणाला. शिरीषला हे प्रकरण पसंत नव्हतं. "कोण कुठला माणूस, आणि तू त्याच्यासाठी दिल्लीला अर्ज करतेस," तो गाडी चालवताना पुटपुटत राहिला. पण बोटीचा तांडेल जैनुद्दीन बोलू लागला तेव्हा तोही ऐकत राहिला.

"लाट आली. वळून बघितलं तर हा नाही," जैनुद्दीन म्हणाला. "किनाऱ्याचे दिवे दिसत होते. पोहायचाही झकास. म्हणूनच जास्त लागतं मनाला. सकाळपर्यंत फिरलो आम्ही." त्याने सही केली आणि डोळे पुसत जाळ्यांकडे निघून गेला.

कलावतीची संमती हवी होती. उत्तराने फोन लावला. पलीकडचा आवाज बारीक होता, कोणी ऐकेल म्हणून दाबलेला.

"ताई, माझे घोव खरेच गेले मा? नक्की?"

"हो, कलावती. तांडेलाने सकाळपर्यंत शोधलं."

"परत येवचे नाय ना?"

या बाईने अजून आशा सोडलेली नाही, असं उत्तराला वाटलं. "नाही गं," ती म्हणाली. "आता वाट बघू नकोस."

अर्ज गेला. उत्तर येईना. उन्हाळा इतका चढला की लाँड्रीच्या पत्र्याखाली उभं राहवेना. धनंजय दर वेळी एवढंच विचारायचा, "काही कळलं?" तो फार खंगला होता. उत्तराला त्या मैत्रीचं नवल वाटायचं.

थंडी सुरू होता होता कलावतीचाच मेसेज आला. दिल्लीहून जिल्ह्याला पत्र आलं, चौकशी झाली, दाखला मिळाला. ती कुडाळला राहायला गेली होती.

उत्तरा तशीच टॅक्सी करून वादी अदाईला आली. बातमी ऐकून धनंजयने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि भिंतीला टेकून तो खाली बसला.

"सुटली," तो म्हणाला.

तेवढ्यात कलावतीचा व्हिडिओ कॉल आला. कपाळ मोकळं, गळा मोकळा. मागे खोलीची खिडकी आणि दोरीवर वाळणारी एकच साडी.

"ताई, तुमचे उपकार कसे फेडू?"

"माझे नाहीत गं. ज्यांनी तुझ्यासाठी एवढी धडपड केली, ते इथेच आहेत. धनंजय म्हणून." आणि त्याला उठायला सवड मिळण्याआधीच उत्तराने फोन त्याच्याकडे फिरवला.

धनंजयने मान खाली घातली. पण त्याआधी क्षणभर त्याने पडद्याकडे पाहिलंच.

नेट गेलं असावं, असं वाटून उत्तराने वाकून बघितलं. कलावती तिथेच होती. रडत नव्हती.

"बोल ना त्यांच्याशी," उत्तरा म्हणाली.

"नको, ताई. तुम्हीच सांगा त्यांका," कलावती शांतपणे म्हणाली. "लगीन झाल्यापासून माझ्या घोवान माझ्यासाठी ह्यां पयलांच बरां काम केल्यान."