झिजलेलं बटण

मला कामावरून काढायचं ठरलं आणि रिसेप्शनवर, माझ्याच टेबलावर ते यंत्र आलं. वर महिनाभर लोकांना ते शिकवायचं कामही माझ्याच गळ्यात मारलं. आलेल्या माणसाने काचेवरच्या कीबोर्डवर आपलं नाव टाइप करायचं, बस. त्याला "या, बसा" म्हणायला बाई कशाला हवी?

पहिल्याच सकाळी पाहिलं, तर त्या कीबोर्डवरचा 'स' अर्धा पुसलेला. माझ्या जुन्या कीबोर्डवरचा झिजला होता, अगदी तसाच.

"अहो ताई, हे नुसतं चित्र आहे. चित्र कसं झिजेल?" यंत्र बसवणारा हसला. तरी त्याने काच बदलून दिली. नव्या काचेवरही 'स' अर्धाच होता. शिवाय स्पेसबारवर माझ्या अंगठ्याने पडलेला चकचकीत डागही आला होता.

मी यंत्राकडे पाठ करून उभी राहायला लागले. पण मागे कुणी टाइप करू लागलं, की त्याचं नाव न बघताच माझ्या तोंडून बाहेर पडायचं.

शेवटच्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना जमवलं. "बाई, दोन शब्द बोला," म्हणाले आणि यंत्राला टेकून उभे राहिले.

मी बोलायला लागले. सगळे माझ्या मागे का बघताहेत म्हणून मान वळवली. माझं भाषण काचेवर उमटत होतं.

"हे काय भलतंच!" साहेबांनी खोडायचं बटण दाबून धरलं.

माझा शेवटचा शब्द आधी गेला, काचेवरून आणि माझ्या डोक्यातूनही. मग त्याच्या आधीचा. सगळं भाषण गेलं, तरी साहेबांनी अंगठा उचलला नाही.