रहाटाचा सूर

शिडी काढून रुळांशेजारी आडवी टाकली, तसं बत्तीवाल्याने खांबाच्या टोकाकडे पाहिलं.

सिग्नलचा खांब आता सरळसोट उभा होता. चढायला काही म्हणून नाही. बुंध्याशी नवं यंत्र बसवलं होतं. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं, पण सगळे त्याला रहाटच म्हणत. विहिरीवर असतो तसाच, फक्त पोहऱ्याच्या जागी दिवा. हँडल फिरवलं की खांबाच्या टोकावरचा दिवा साखळीने खाली यायचा. जमिनीवर उभं राहून तेल घाला, वात कापा, काच पुसा आणि द्या परत वर पाठवून. त्याची चाचणी उद्या ठरली होती, पण उद्या येणारे मोठे साहेब आजच येऊन टपकले होते.

आणि वर, दिव्याच्या बैठकीला, तारेने बांधलेला एक माउथ ऑर्गन होता.

तो बत्तीवाल्यानेच बांधला होता. रहाट बसवायला त्याचा मेहुणा फिटर म्हणून आला आणि त्यांच्याच मागच्या खोलीत राहिला. तेव्हापासून बत्तीवाला संध्याकाळी पायरीवर टेकला, की मागच्या खोलीतून बाजा सुरू. सूर असा, की बाहेर डबे जोडणारी माणसं हातातलं काम टाकून पळत यायची, कुणाचा पाय सापडला म्हणून. बायको भावाचं चहापाणी आटपून मागून बाहेर आली, की बत्तीवाला तिला ऐकवायचा. गाढवाच्या पोटात दुखलं तरी ते याहून सुरात ओरडतं. "शिकणाऱ्याला नावं ठेवू नयेत," एवढंच ती म्हणायची आणि ताट जरा जोरात ठेवायची. मेहुण्याला सांगण्यात अर्थच नव्हता. दिवसभर घणाचा आवाज, म्हणून त्याच्या कानात कापूस. घरी आला तरी तो तसाच.

शेवटी बत्तीवाल्याने बाजा उचलला आणि खांबावर नेला. फिटरचं वरचं काम संपलं होतं आणि बत्तीवाल्याशिवाय वर चढणारं दुसरं कुणी नव्हतं. चाचणीआधी काढून घेऊ, असा त्याचा बेत. बाजा हरवल्यावर बहिणीने घर उलथंपालथं केलं. भाऊ मात्र भिंतीकडे तोंड करून ढाराढूर झोपला. दुःख झालं असणार, असं बत्तीवाल्याला वाटलं.

आता शिडी गेली होती. आणि साहेब असे, की मागच्या स्टेशनावर एकाने सिग्नलच्या तारेवर बनियन वाळत घातलं, तर त्याची नोकरी आणि क्वार्टर दोन्ही बनियन वाळायच्या आत गेली.

"करा सुरू," साहेब म्हणाले.

मेहुण्याने हँडल धरलं. चाचणी बघायला केबिनवाला खिडकीत आला होता, बायको कुंपणाशी उभी होती. साखळी खळखळली. दिवा हलला.

वर असेपर्यंत बाजा पत्र्याच्या आडोशाला होता. आडोसा सुटला आणि वारा त्यात शिरला.

पीं.

साहेबांनी मान वर केली. बत्तीवाला लगबगीने पुढे सरकला. नवी चाकं आहेत, कुरकुरतात, असं तो कसंबसं म्हणाला.

"चाकं सारेगम करतात?" साहेबांनी विचारलं.

दिवा गात गात खाली आला. बुंध्याशी असलेल्या पत्र्याच्या कठड्याआड पोचला आणि गप्प झाला. साहेब वाकले. बैठकीखाली त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"सिग्नलवर ही बाहेरची वस्तू कुणी ठेवली?"

मेहुण्याने बाजाकडे पाहिलं, मग दाजींकडे, मग कुंपणाकडे. संपलं, बत्तीवाल्याच्या मनात आलं. आता क्वार्टर गेलं, आणि तेही एका पिपाणीपायी.

"बाहेरची नाही साहेब," मेहुणा म्हणाला. "रहाटाचाच भाग आहे."

चेहऱ्यावरची माशी न हलवता त्याने समजावून सांगितलं. दिवा वर जागेवर असला की गप्प. खाली पोचला की गप्प. मधेच अडकला तर वाजत राहणार. केबिनवाल्याला न बघता कळणार.

साहेबांनी स्वतः हँडल फिरवून दिवा वर नेला, खाली आणला. पुन्हा नेला, पुन्हा आणला. तेवढ्या वेळात बत्तीवाल्याने मनातल्या मनात मेहुण्याचे पाय धरले. असा हिरा घरात, आणि आपण त्याला गाढव म्हणालो. यापुढे पोराने रात्रंदिवस वाजवावं, आपण हूं की चूं करायचं नाही.

"प्रत्येक खांबावर बसवा," साहेब म्हणाले. "पण दर खांबाचा सूर वेगळा पाहिजे, नाहीतर कुठला अडकला ते कळायचं कसं? सूर लावायला कायमचा माणूस लागेल. बाजा तुझाच ना? तूच राहा इथे."

"माझा?" मेहुणा म्हणाला. "मला धड शिट्टी येत नाही साहेब. वाजवणारं माणूस तुमच्या मागे उभं आहे."

बत्तीवाल्याची बायको कुंपणाच्या फटीतून आत आली. नवऱ्याकडे न बघता तिने तार सोडवली, बाजा बाहीला पुसला.

"सराव लागेल," साहेबांनी बजावलं. "सकाळ-संध्याकाळ. घरीच."

"करेन की," ती म्हणाली आणि बाजा ओठांना लावला.

मेहुण्याने खिशातून कापूस काढला, त्याचे दोन भाग केले, आणि मोठा भाग दाजींच्या हातावर ठेवला.