मळमळीचं कुंपण

गिऱ्हाईक बादलीत ओकलं, तसा पुसणाऱ्याने फोटो उलटा ठेवला.

"झालं. तोंड पुसा."

फोटोत त्या माणसाची वारलेली बायको होती. सकाळी हाच माणूस तो फोटो छातीशी धरून ढसाढसा रडत आला होता. आता तो रुमाल शोधत म्हणाला, "कोण ही बया? शी, बघवत नाही."

कामाची पद्धतच तशी होती. जवळचं माणूस डोक्यातून नुसतं पुसून भागत नाही. रिकामी जागा खुपत राहते आणि माणूस शोधाशोध करत पुन्हा तिथेच जातो. म्हणून पुसल्यावर भोवती मळमळीचं कुंपण घालायचं. मग तो चेहरा, तो आवाज, तो वास समोर आला की पोटात ढवळतं आणि माणूस आपणहून लांब पळतो. शेवटी फोटो दाखवायचा. गिऱ्हाईक ओकलं की काम पक्कं.

पुसणारा बादली मोरीत रिकामी करून आला. दिवसभर दुसऱ्यांच्या ओकाऱ्या धुवायची त्याला किळस यायची, पण सांगणार कुणाला? त्याला घरदार नव्हतं. कंपनी कामावर घेताना अशीच सडीफटिंग माणसं बघून घ्यायची.

दारात साहेब उभे होते.

"उसवणारीचा पत्ता लागलाय. नाक्यापलीकडच्या बंद धोबीखान्यात लपलीय. पैलवानाला घे आणि निघ."

पुसणाऱ्याच्या घशाशी आंबट आलं. उसवणारी म्हणजे एक म्हातारी. कंपनीने घातलेली कुंपणं ती तारेच्या सुईने उसवायची. मग गिऱ्हाइकांना सगळं आठवायचं आणि तीच गिऱ्हाइकं कंपनीच्या नावाने बोटं मोडायची. मागे दोनदा ती त्याच्या हातातून निसटली होती. दोन्ही वेळा तो ऐन मोक्याला भिंत धरून ओकत बसला होता.

"दुसऱ्या कुणाला पाठवा ना साहेब. मला ती बाई सहन होत नाही."

"पण तुझ्यापुढेच ती गडबडते," साहेब म्हणाले. पुसणाऱ्याला ते कौतुक वाटलं. "तिचं जे कोण जवळचं असेल, ते पुसून टाक. उसवायची खाज आपोआप जिरेल. आणि या खेपेला सुटली, तर पुसायच्या खुर्चीत तू बसायचंस."

धोबीखान्यात वाफ कोंडली होती. कोपऱ्यातल्या शेगडीवर दूध उतू जाऊन करपलं होतं. तो वास नाकात शिरला आणि पुसणाऱ्याच्या आतड्यांना पीळ बसला. भट्टीमागून म्हातारी पुढे आली. तिचे चुरमुडलेले हात, तिचं ते मान तिरकी करून बघणं, सगळंच त्याला घाणेरडं वाटलं. जिवंत माणसाची इतकी शिसारी येऊ शकते, याचंच त्याला नवल वाटे.

पैलवान धावला. म्हातारीने उकळत्या पाण्याची बादली सरळ त्याच्यावर भिरकावली. पैलवान दंड धरून कोसळला. पुसणारा तोवर तिच्यासमोर पोचला होता. दुसरी बादली तिच्या हातात होती आणि तो हातभर अंतरावर. म्हातारीने बादली खाली ठेवली.

दमली थेरडी, असं मनाशी म्हणत त्याने झेप घेतली. दोघं ओल्या चादरींच्या ढिगाऱ्यात पडले. तिने त्याच्या गळ्याभोवती हात टाकला आणि मानेमागे काहीतरी बारीक टोचलं.

"हलू नकोस," ती त्याच्या कानाशी पुटपुटली. "जरा दुखेल. एवढा एकच टाका काढू दे."

एक क्षण मळमळ थांबली. करपल्या दुधाचा वास आला आणि त्याला चक्क भूक लागली.

तेवढ्यात पैलवानाने म्हातारीला मागून उचललं. सुई मोडली. मळमळ दुपटीने परतली आणि पुसणारा चादरींवरच ओकला.

"सटवी मारत होती मला," तो तोंड पुसत म्हणाला. "काय घाण वास मारतो हिच्या अंगाला."

पैलवानाने हुंगून पाहिलं. "साबणाचा येतोय की. चांगली स्वच्छ बाई आहे."

कंपनीत आणून खुर्चीत पट्टे आवळले तरी म्हातारीने ओरडाआरडा केला नाही. ती पुसणाऱ्याकडे एकटक बघत होती.

"एवढंच सांग. वेळेवर जेवतोस ना?"

"तोंड बंद ठेव."

त्याने खटका ओढला. जवळचं माणूस कोण, ते मशीनच आतून शोधून काढायचं. पुसणाऱ्याला ते दिसायचं नाही आणि त्याने विचारायचंही नाही. म्हातारीच्या गालावरून पाणी ओघळलं, मग थांबलं. मशीनने कुंपण घातलं आणि दिवा विझला. पुसणाऱ्याला फार दिवसांनी हलकं वाटलं. सुटलो एकदाचा, असं तो मोठ्यानेच म्हणाला.

पैलवानाने बादली आणून ठेवली. "फोटो कुठाय?"

"तिच्याजवळ काहीच सापडलं नाही."

"मग काम पक्कं झालं, हे कळणार कसं?"

"जाऊ दे रे. हिच्या जवळचं कोण असणार?"

म्हातारीने डोळे उघडले. पैलवानाने पाण्याचा पेला तिच्या तोंडाला लावला. ती शांतपणे पाणी प्यायली. त्याच्या दंडावरचे फोड पाहून तिने चुकचुक केलं.

"कसं रे भाजलं एवढं, बाबा? तेल लाव काहीतरी."

पैलवान ओशाळून बाजूला झाला. पुसणारा नाक दाबून तिच्या हाताचा पट्टा सोडायला वाकला. म्हातारीने मान तिरकी करून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती भडाभडा ओकली.