ओळखीतलं एक माणूस

“एक,” मावशी म्हणाली आणि लगेच तिने जीभ चावली.

हातातल्या आईच्या स्वेटरची घडी तिने मोडली आणि पुन्हा घातली. “म्हणजे आमच्या गल्लीतलं गं. तू नाही ओळखत.”

“नाव नको, मावशी. नाव विचारायचंच नसतं. फक्त आकडा.”

आई जाऊन महिना होत आला होता. तिचं कपाट आवरायला मावशी आणि मामा आले होते. सोमवारी भाचीच्या कार्यालयाची नवी पाहणी सुरू व्हायची होती. प्रश्न आधी घरच्या माणसांना विचारून बघायचे, ही तिथली जुनी रीत. म्हणून ती आईच्या पलंगावर कागद घेऊन बसली होती.

काम समजायला सोपं होतं. जी माणसं स्वतःबद्दल बोलत नाहीत, त्यांना मोजायचं तर त्यांचं दार ठोठावून काही मिळत नाही. इतरांना विचारावं लागतं. पोस्टमन किती ओळखता? शिंपी किती? जुळ्यांच्या आया किती? शहरात असे लोक किती आहेत हे ठाऊक असतं, त्यावरून समोरच्याचा गोतावळा केवढा याचा अंदाज येतो. मग खरा प्रश्न. या वेळी तो असा होता: लहानपणी गुपचूप, कागदपत्रांशिवाय दुसऱ्या घरी दिली गेलेली आणि तिथलीच म्हणून वाढलेली किती मोठी माणसं तुमच्या ओळखीत आहेत? नियम दोनच. गेलेल्यांना धरायचं नाही. स्वतःला धरायचं नाही. हे नियम तिने इतक्या घरांत सांगितले होते, की झोपेतही सांगितले असते.

मामा स्वयंपाकघरात गळका नळ खोलून बसला होता.

“शिंपी एकच,” तो म्हणाला. “आणि तो इतका सावकाश शिवतो, की पँट मिळेपर्यंत माझं पोट पुढे गेलेलं असतं.”

खऱ्या प्रश्नाला त्याच्या हातातला पाना थांबला. त्याने खोलीच्या दाराकडे पाहिलं. “हिनं किती सांगितले?”

“ते सांगता येत नाही, मामा.”

“मग एक लिही. एकच.”

तिने लिहिलं, आणि पेन तिथेच राहिलं. मावशीचा जन्म डोंगरापलीकडच्या शाळेत शिकवण्यात गेला. मामा बंदरावर क्रेन चालवायचा. दोघांच्या ओळखी कुठेच जुळत नव्हत्या. जुळत होतं ते फक्त हे घर. मावशीने लग्न केलं नव्हतं, मामाला मूल नव्हतं.

म्हणजे तिचा धाकटा भाऊ, छोटू.

एकदा ते मनात आलं, तसं सगळंच जागेवर बसत गेलं. छोटूचं नाक घरात कुणाच्याच वळणाचं नव्हतं. आई त्याला हाती लागेल त्याने बदडायची. हिच्यावर तिने कधी हात उगारला नाही. त्याला खुशाल वसतिगृहात ठेवलं. हिला मैत्रिणीकडे एक रात्र राहू दिलं नाही. “तुझा मेला तिला सतत धसका,” मावशी म्हणायची. मार खाल्ला की छोटू भोकाड पसरून विचारायचा, “मी काय उकिरड्यावर सापडलो का?” आणि रागावलेली आई एकदम हसत सुटायची.

हसायची.

हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांत ती आईचे केस विंचरायची आणि आई बोलत राहायची. कुंड्यांना पाणी घाल. शेजारणीची बरणी परत दे. विम्याचे कागद वरच्या खणात आहेत. आई आपल्यापासून काही लपवत नाही, याचं तिला त्या दिवसांतही बरं वाटायचं. आणि एवढी एक गोष्ट आईने मावशीला सांगितली, मामाला सांगितली. शेवटपर्यंत जिचा हात धरला होता, तिला नाही.

पण छोटूला ठाऊक होतं का? त्याला काही कळू न देता हे विचारायची एकच वाट होती. तो ‘शून्य’ म्हणाला, तर तीही आयुष्यभर तोंड उघडणार नव्हती. तिने मनाशी ठरवून टाकलं आणि कागद उचलला.

छोटू मागच्या पायरीवर बसून रद्दीचे गठ्ठे बांधत होता.

“आता मलाही मोजणार? गिऱ्हाइकं संपली वाटतं.”

“गप बस आणि उत्तरं दे.”

त्याने दिली. पोस्टमन एकही नाही, शिंपी दोन, जुळ्यांची आई एक, “आणि ती बिचारी पोरांची नावं विसरते.” मग तिने खरा प्रश्न वाचला. आवाज नेहमीसारखाच ठेवला.

सुतळीची बांधलेली गाठ त्याने सोडली.

“खरं सांगायचं ना?”

“खरंच सांगायचं.”

“एक.”

 म्हणजे याला कळलं होतं, आणि कुणाला न सांगता हा ते उराशी घेऊन वावरत होता. रद्दी बाजूला सारून ती त्याच्याशेजारी टेकली. मार खाऊन यायचा तेव्हा ठेवायची, तसा तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“छोट्या, स्वतःला धरायचं नसतं रे.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते.

“मला कशाला धरू, ताई?”